मशीन पुसलं, हात नाही

मशीन ओरडलं आणि मागोमाग साहेब ओरडला.

"हिला इथे कोणी सोडलं? धुण्याच्या बाया मागच्या दाराने! बाटवलंस ना मशीन? पूस ते."

मी पुसलं. माझ्याच पदराने. मागे रांगेत पंधरा-वीस माणसं. कोणीतरी हसलं. साहेबाने लांबूनच बोट दाखवलं, इथे राहिलं, तिथे राहिलं. मग त्याने स्वतःचे हात ठेवून पाहिले. हिरवा दिवा. मशीन ठीक होतं.

माझे हात कोणी तपासले नाहीत.

ही कंपनी पूर्णगडच्या अंगाला, कातळावर. बंद पडून बरीच वर्षं झालेली. पूर्वी आत किरणोत्सर्गी माल हाताळायचे. आता टाक्या, पाइप, फरशा, सगळं उतरवून साफ करायचं काम एका ठेकेदाराने घेतलेलं. कामगार डांगऱ्या घालून आत जात. त्या डांगऱ्या धुवायला आमच्या वाडीतल्या पाच बायका. आत जाणाऱ्यांच्या छातीवर बॅज असे, अंगावर किती किरणं पडली ते सांगणारा. आम्ही आत जात नव्हतो, म्हणून आम्हाला बॅज नाही. हातमोजे नाहीत. आम्ही डांगऱ्या झटकायचो, उघड्या हातांनी चोळायचो, पिळायचो आणि तिथेच पायरीवर बसून डबा खायचो. धुण्याचं पाणी चरातून खाली पऱ्याला, वाडीच्या ओढ्याला, जायचं.

त्या दिवशी मागच्या दारात ट्रक रुतला. मुकादम म्हणाला, पुढून जा. गेले. अंगाला किरणोत्सर्गी घाण लागलीय का, ते सांगणारं ते मशीन. रांगेतले सगळे बाहेर पडताना त्यावर हात ठेवत होते, मीही ठेवले. एवढाच माझा गुन्हा.

बाटवलंस. हा शब्द माझ्या आईने विहिरीवर ऐकला होता. मी बारावी शिकले, मला वाटलं तो तिच्यापाशीच संपला.

मुकादम माझा चुलत दीर. संध्याकाळी त्याला गाठलं.

"भावोजी, मशीन का वाजला?"

"बिघडलाय तो."

"मग सायबानं हात ठेवले तेव्हा गप कसा रवला?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "काय गो, तुला काम हवाय ना? तुझ्यापायी बाकीच्या चौघी घरी बसतील. गप रव."

गप्प राहिले. नवरा मुंबईला, वर्षात दोनदा येणारा. आंब्याच्या बागांतलं काम दोन-तीन महिन्यांचं. बाकी वर्षभर ही धुण्याची शेड. जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी एक इंजिनीयर मुलगी शेडमागे आली. तिने खिशातून छोटं यंत्र काढून माझ्या हातांवर फिरवलं. ते टकटकलं. ती हळू आवाजात म्हणाली, "कोमट पाण्याने, साबणाने धुवा. घासू नका, कातडी सोलेल. डांगऱ्या झटकू नका. इथे काही खाऊ नका. लघवी तपासून घ्यायला हवी तुमची, पोटात काही गेलंय का ते कळायला." आणि जाताना, "माझं नाव घेऊ नका हं."

तिला सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि तिचा गळाही.

त्या रात्री मुलगी म्हणाली, "आये, भरव ना." सहा वर्षांची आहे. मी भाताचं ताट तिच्यापुढे सरकवलं आणि हात पाठीमागे घेतले. चार दिवस तिला भरवलं नाही, वेणी घातली नाही, कुशीत घेतलं नाही. ती रडत झोपायची. साहेबाने मला मशीनपासून लांब ठेवलं होतं. आता घरात मीच मला कोणाला शिवू देत नव्हते. पाचव्या दिवशी चुलीपुढे बसले असताना डोक्यात लख्ख झालं. मी बाटलेली नाही. माझ्या हातांवर त्यांच्या कंपनीची घाण आहे, आणि ती त्यांनी जाणूनबुजून ठेवलीय.

आठवड्याने तपासणीला मोठे लोक येणार होते. आदल्या दिवशी आम्हाला पाच जोड हातमोजे मिळाले, पाच बॅज, आणि एक कागद. साहेब शेडच्या दारात उभा. "सुरक्षिततेचं शिक्षण मिळालं, असं आहे त्यात. अंगठे लावा."

शाईचा डबा माझ्यापुढे आला.

मी म्हटलं, "मला लिहिता येतं."

"मग सही कर."

मी पेन घेतलं. सहीच्या जागी लिहिलं: मला काहीही शिकवलेलं नाही. माझे हात तपासलेले नाहीत. खाली पूर्ण नाव.

साहेबाने वाचलं. कागद फाडला. "हिला गेटबाहेर काढा."

मी शेडच्या दारात बसले. मुकादमाने दंड धरला, मी उठले नाही. चौघींकडे बघितलं. तिघींनी माना खाली घातल्या. त्यांच्या घरी काय आहे ते मला ठाऊक आहे, मी त्यांना बोल लावत नाही. पण सुमनकाकी, साठीला आलेली, हातातली डांगरी टाकून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "माझी सून पोटुशी हाय. ही घाण मी घरात न्हेतंय, आणि तुम्ही माजो अंगठो मागताव?"

मग त्या तिघींनीही डांगऱ्यांना हात लावला नाही. धुतलेल्या डांगऱ्या दुपारपर्यंत संपल्या, आणि आतलं काम थांबलं. तेव्हा कुठे साहेब आमच्याशी खुर्चीवर बसून बोलला. हातमोजे आणि बॅज कायमचे झाले, जेवायला वेगळी खोली झाली. लघवीच्या तपासणीचं मात्र, "वर विचारतो." अजून विचारतोय.

मला मात्र कामावरून काढलंय. वाडीत काही घरं माझ्याशी बोलत नाहीत. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवताना आजही माझा हात मध्येच थांबतो. माझ्या आत काय गेलंय, मला माहीत नाही. त्यांना माहीत करून घ्यायचं नाही.

पण आम्हा पाचजणींची तपासणी आणि पऱ्याच्या पाण्याची तपासणी, दोन्ही लेखी, मराठीत, माझ्या हातात पडेपर्यंत मी रोज सकाळी त्या गेटवर उभी राहणार. नवी बाई कामाला आली की तिला आधी मी गाठणार. काय घालायचं, काय झटकायचं नाही, कुठे जेवायचं नाही, आणि कोणत्या कागदावर सही करायची नाही, सगळं मोठ्याने सांगणार. साहेबाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. आणि माझं नाव बिनधास्त घ्या, असंही सांगणार.