किनाऱ्यावर कोणी नको

माशी हाकलावी तसा डावा हात हलवून सर माणसांना बाजूला सारायचे. डोळा कॅमेऱ्यात, आणि तोंडी एकच वाक्य, "भिया, जरा फ्रेमच्या बाहेर." भिया म्हणजे भैया, आमच्या इंदुरी बोलीतला.

कॉलेजात ते ड्रॉइंग शिकवायचे, मी तिथल्याच ऑफिसात. परदेशीपुऱ्यात आमची घरं शेजारी. इंदुरात राहून या माणसाला समुद्राचं वेड! दर दिवाळीच्या सुट्टीत वहिनींच्या माहेरी, रत्नागिरीकडच्या एका खेड्यात जायचं आणि तिथला काळ्या कातळाचा सुनसान किनारा टिपायचा. बावीस वर्षं तोच किनारा.

वहिनी चपला काढून एका सपाट खडकावर बसत. सरांचा हात हलला की उठत आणि मागे येऊन कॅमेऱ्यावर छत्री धरत. आम्हाला हसून सांगत, "माझ्यामुळे यांचा समुद्र बिघडतो हो."

मागच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्याला भिंतीवर फोटो हवा होता. लग्नाचा अल्बम सरांनी बंद केला. "ही तर लहान मुलगी आहे. मला आत्ताची पाहिजे." वहिनींच्या फोनमध्ये आम्हा सगळ्यांचे फोटो होते, त्यांचा एकही नव्हता. मग आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो. ओहोटी, ढग, खडक, पुन्हा ओहोटी.

"एखाद्यात तर असेल ना? कोपऱ्यात?"

"दिसत नाहीत, सर."

"नीट देखो, भिया."

दुपार सरली. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात वहिनी कुणावर तरी चिडल्यासारख्या दिसत होत्या.

दिवाळीत ते म्हणाले, "चलता का?" गाडीत इंदूरबाहेरच्या मानपुरापासून किनाऱ्यापर्यंत ते जेमतेम दोन-चार शब्द बोलले असतील. तिथे पोचल्यावर त्यांनी ट्रायपॉड लावला आणि मला सपाट खडकाकडे पाठवलं.

"बसा. जरा अलीकडे... नाही, पलीकडे. तोंड समुद्राकडे." मी वळलो. "की इकडे?" त्यांनी विचारलं.

मी थांबलो.

"याद नाही येत, भिया," ते म्हणाले. "ती कशी बसायची, मी कधी पाहिलंच नाही."

भरती चढून माझे बूट भिजेपर्यंत मी तसाच बसून राहिलो. कॅमेऱ्याचा आवाज काही आला नाही.