आडनावांच्या क्रमानं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरी नाही, शाळेत नाही, माझ्या वहीतसुद्धा नाही — आणि माझ्या वहीत तर गॅसची टाकी कधी लावली तेही असतं.

मी शाळेच्या ऑफिसात मुख्य लिपिक आहे. प्रिंटरशेजारच्या भिंतीवर माझ्या अक्षरातली एक यादी आहे: प्रिंट चुकीची आली तर काय काय बघायचं. केबल, कागद, शाई, कॉम्प्युटर बंद करून चालू, टेस्ट पेज. त्या यादीचा मला अभिमान होता. होता — म्हणजे अजूनही आहे, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी आठवीची गुणपत्रकं वाटून तास झाला नाही तोच एक वडील मुलीचा हात धरून परत आले. "मॅडम, हिला गणितात चौऱ्याण्णव? आवं, हिला साताचा पाढा येत न्हाई!"

"येतो की, पप्पा! नवाचा येत न्हाई."

सगळे हसले. मीही हसले. मग एक आई आली. तिचा हुशार मुलगा तीन विषयांत नापास होता; तो बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी यादीप्रमाणे सुरू केलं. केबल ठीक. शाई ठीक. टेस्ट पेज स्वच्छ. मग प्रिंटर चुकत कुठे होता? — कुठेच नाही. कॉम्प्युटर देत होता तेच तो छापत होता. मी गुणांचा तक्ता उघडला.

आदल्या दिवशी, वाटायला सोपं जावं म्हणून, मी नावं आडनावांच्या क्रमानं लावली होती. फक्त नावं. गुणांचे रकाने जागच्या जागीच राहिले होते. नीटनेटकेपणाची हौस — दुसरं काय?

गुण भरले होते रूथनं, आमच्या कंत्राटी ऑपरेटरनं. तीन दिवस बसून, पट्टी धरून, एकेक ओळ तपासून. मूळ तक्त्याची प्रत तिनं पेनड्राइव्हवर माझ्याकडे आधीच दिली होती. तीत एकही चूक नव्हती. मी त्यावरूनच पुन्हा प्रिंट काढल्या.

मुख्याध्यापक दारात आले. "काय झालं होतं?"

मी म्हणाले, "नोंदी करताना ओळी सरकल्या असतील, सर."

कुणाच्या नोंदी, ते मी म्हटलं नाही. म्हणायची गरज होती का? हे वाक्य घाईत तोंडून गेलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. मी ते जुळवून बोलले.

रूथ खुर्चीतून उठली. "माझ्याकडूनच झालं असणार, सर." तिला ते खरंच वाटत होतं. पेनड्राइव्ह माझ्या मुठीत होता.

जूनमध्ये तिचं कंत्राट वाढवलं नाही.

परवा कोल्हारच्या स्टँडवर ती भेटली. आता शिवणकाम करते. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही होता म्हणून निभावलं. नाहीतर माझ्यापायी त्या पोरांचं काय झालं असतं?"

मी म्हणाले, "असू दे गं."

गाडी आली, मी खिडकीशी बसले. ती खालून हात हलवत होती. मीही हलवला.