माईकवरचा दुसरा रोहिदास

रोहिदासच्या गळ्यात अर्धं निघोजे गाव राहायचं. चाकणच्या कंपनीत तो फोर्कलिफ्ट चालवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी गळा उघडायचा. सुपरवायझरचं नाकातलं "क्या भाई, प्रॉडक्शन किधर है?", एचआरच्या मॅडमचं साखरेत घोळवलेलं "काका, हेल्मेट प्लीज", गेटवरच्या वॉचमनचं जांभईतून निसटलेलं "पाऽऽस दाखवा", सगळं हुबेहूब. ज्याची नक्कल व्हायची तोसुद्धा पोट धरून हसायचा आणि जाता जाता विचारायचा, "मी खरंच एवढा वंगाळ बोलतो का राव?"

पण त्याचं खरं नाव होतं ते घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर. यात्रांमध्ये बैलगाड्यांच्या शर्यती लागल्या की निवेदनाचा माईक रोहिदासकडे. पुढं घोडी, मागं चार बैल, कडेला माणसांचा डोंगर आणि सगळ्यांच्या डोक्यावरून धावणारा रोहिदासचा आवाज. निवेदकाकडं ना गाडा असतो ना बैल. हा माणूस कुणाच्या बाजूचा नाही, एवढा विश्वास ही त्याची सगळी कमाई. रोहिदासनं ती जन्मभर सांभाळली होती.

ऐन यात्रेच्या तोंडावर एका क्लिपनं ती धुळीला मिळवली.

क्लिपमध्ये घाट दिसत होता आणि रोहिदासचा आवाज सांगत होता, "पुनावळ्याच्या पिंटूचे बैल ताकदीवर पळत नाहीत, इंजेक्शनवर पळतात!" कुठल्याशा गमतीजमतीच्या पेजवर ती पडली आणि पहिली शिफ्ट सुटेपर्यंत कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर वाजायला लागली.

रोहिदासनं ती ऐकली तेव्हा आधी त्याला कौतुकच वाटलं. "आयला, काय आवाज काढलाय माझा! कोण हाय रं ह्यो पठ्ठ्या?" मग त्यानं खालच्या कमेंट वाचल्या आणि चेहरा उतरला. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या नावांनी: 'रोहिदास मामांनी सत्य सांगितले.' त्यातल्या एका नावाला तर सोनेरी केसांच्या, गोऱ्यापान मुलीचा फोटो होता.

"ही मड्डम कवा आलती आपल्या घाटाला?" त्यानं घरी येऊन सुनेला विचारलं.

सून मिनल बीडकडची. निगडीतल्या एका स्टुडिओत कामाला होती. तिथं पूर्वी माणसं पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. आता एआय वाचायचं आणि मिनल त्याच्या चुका काढायची. तिनं मोबाईल हातात घेतला आणि एका नजरेत ओळखलं.

"मड्डम कशाची आबा, बॉट आहे तो. माणूसच नाही, प्रोग्राम. एक वाक्य दिलं की शंभर नावांनी टाकत बसतंय."

"अन् माझा आवाज?"

"तुमच्या शर्यतींचे व्हिडिओ पडलेत की नेटवर. एआयला तेवढे बास झाले. कुणी तरी चार लाईक मिळवायला केलंय बघा."

मिनलनं त्या पेजची तक्रार केली. क्लिप उतरली, पण दोन दिवसांत तिच्या दोन बहिणी दुसरीकडं वर आल्या. आणि घरातही काही बरं नव्हतं. जेवताना रोहिदासच्या बायकोनं, अंबुबाईनं, भाकरी वाढता वाढता हळूच विचारलं, "खरं सांगा हां, चहाच्या टपरीवर गमतीगमतीत तर बोलला न्हाई ना?"

रोहिदासनं हातातला घास ताटात ठेवला. जिनं हा आवाज जन्मभर ऐकला तिलाच शंका, तर परक्यानं काय करावं?

परका, म्हणजे पिंटू, काही थांबला नव्हता. त्यानं फोन केला. "मामा, तुमी माईकवर असाल तर माझा गाडा निघोज्यात येणार न्हाई. विषय संपला."

"पिंटूशेठ, देवाशपथ, म्या न्हाई बोललो."

"मग तुमच्या गळ्यात कोण बसलं होतं?" आणि फोन कट.

दुसऱ्या दिवशी यात्रा कमिटीचे अध्यक्ष लक्ष्मणराव घरी आले. लक्ष्मणरावांचं वाक्य 'म्हंजी कसंय' पासून सुरू व्हायचं, मध्ये खोकल्याचा थांबा घ्यायचं आणि मग मुक्कामाला पोचायचं.

"म्हंजी कसंय रोहिदास, तू आख्ख्या गावाचे आवाज काढतो. माझाबी काढतो, मला ठावं हाय. (खोकला.) आता तूच म्हणतो, तुझा आवाज दुसऱ्या कुणी काढला. लोकांनी कसं मानावं? ऐतवारी सकाळी देवळात बैठक हाय, पिंटूलाबी बोलावलंय. तितं पटवून दे. न्हाईतर यंदा माईक दुसऱ्याला."

लक्ष्मणराव गेले. रोहिदास उंबऱ्यावर येऊन बसला. एकाएकी त्याच्या मिशीखाली हसू हललं.

"मिनल, तुझ्या मशीनला लक्ष्मणरावचा आवाज काढता यील?"

"येईल. पण मी नाही काढणार," मिनल म्हणाली. "ज्याचा आवाज त्याला विचारल्याबिगर हात लावायचा नाही. आमच्या स्टुडिओचा पहिला नियम आहे."

"आँ? मी जन्मभर काढतोय की. कुणाला इचारलं?"

"तुम्ही काढता तेव्हा समोर तुमचं तोंड दिसतंय ना आबा. लोक म्हणतात, रोहिदास लक्ष्मणरावांची नक्कल करायलाय. ह्या क्लिपच्या मागं तोंडच नाही."

सुनेचं म्हणणं रोहिदासला झोंबलं आणि पटलंही. शेवटी तो म्हणाला, "मग आपण तोंड दावू. त्यांच्यासमोर वाजवायचं, तितल्या तितं कबूल करायचं, अन् सगळ्यांदेखत पुसून टाकायचं. ते चिडले तर माझ्यावर चिडतील. मग तर झालं?"

मिनलनं जरा विचार केला. "झालं. पण एकदाच हां."

सासरा-सून कामाला लागले. लक्ष्मणरावांचं गेल्या यात्रेतलं भाषण मोबाईलमध्ये होतंच. एआयचा पहिला लक्ष्मणराव बोलला, "आदरणीय ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आपणांस सूचित करण्यात येते की..." आणि रोहिदास खाटेवर आडवा होऊन हसला. "ह्यो लक्ष्मणराव हाय का तहसीलदार? गळा त्याचाच हाय गं, पर माणूस कुटं हाय?"

मग त्यानं शिकवणी सुरू केली. लक्ष्मणराव खिशातून काही द्यायची गोष्ट बोलायच्या आधी श्वास कसा धरतात, शेवटचा शब्द कसा खिशात परत घातल्यासारखा बोलतात. तो एकेक वाक्य म्हणून दाखवी, मिनल ते यंत्रात घाली आणि यंत्र चार तऱ्हांनी परत बोलून दाखवी. तीन तऱ्हा टाकाऊ. चौथीत मात्र 'माझ्याकडनं' या शब्दावर आवाज असा काही खाली बसला, की रोहिदास उठून बसला. "हे मला सुचलं नव्हतं बरं का! अगदी असंच बोलत्यात लक्ष्मणराव. परत वाजव." त्या दुपारी तो आपलं दुखणं विसरला. इतक्या वर्षांत त्याला नकलेला जोडीदार मिळाला नव्हता. आता दोन मिळाले होते, एक सून आणि एक मशीन.

रविवारी देवळाचा मंडप भरला. पुढं कमिटी, एका खांबाला टेकून घडी घातलेल्या हातांचा पिंटू, पलीकडं बायका आणि त्यांच्यात लक्ष्मणरावांच्या मालकीणबाई, शालनबाई. चहा फिरत होता. रोहिदास उभा राहिला. "मंडळी, माझं सांगायच्या आधी हे जरा ऐका."

मिनलनं मोबाईल स्पीकरला जोडला. मंडपात आवाज घुमला, "म्हंजी कसंय मंडळी... (खोकला)... यंदाच्या यात्रेला... आख्ख्या गावाला पुरणपोळीचं जेवान... माझ्याकडनं."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा लक्ष्मणराव! नाद न्हाई करायचा!" "कटाची आमटी पायजे हां पण!"

लक्ष्मणरावांचा कप ओठांपाशीच थांबला. "अरं... मी? मी कवा बोललो?"

"तुमीच बोलला की!" शालनबाई बायकांमधून कडाडल्या. "खोकलासुदिक तुमचाच हाय. रोज पहाटं उठते मी त्या खोकल्यावर! गावाला आवतान देता अन् पोळ्या लाटणारीला इचारायचं न्हाई?"

"अगं शपथ घिऊन सांगतो, मी न्हाई बोललो!"

"मग तुमच्या गळ्यात कोण बसलं होतं?"

खांबाला टेकलेला पिंटू ताठ झाला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं.

रोहिदासनं हात जोडले. "लक्ष्मणराव, माफी असावी. तुमी न्हाई बोलला. हे मशीन बोललं. मी अन् माझ्या सुनेनं घरी बसून बोलवून घेतलं. तुमच्या मालकीणबाईंनासुदिक वळखू आलं न्हाई. माझ्याबी घरात हेच झालंय. मी कितीबी शपथा घेतल्या तरी कोण ऐकणार?"

मिनल पुढं आली. तिनं सगळ्यांना दिसेल असा मोबाईल धरला आणि ती क्लिप पुसून टाकली. लक्ष्मणरावांच्या कानशिलावरची शीर उडत होती. रोहिदासनं मान खाली घातली.

पहिलं हसू फुटलं ते पिंटूला. ते दाबता दाबता त्याला ठसका लागला आणि मग आख्खा मंडप हसला. पिंटू गर्दीतून वाट काढत रोहिदाससमोर आला. "मामा, मी तुमाला फोनवर बोलूच दिलं न्हाई. चुकलं माझं. पण एक करा. शर्यतीच्या सकाळी डॉक्टर माझे बैल तपासणार हायत. तेव्हा माईक तुमच्याच हातात पायजे."

"म्हंजी कसंय," लक्ष्मणराव म्हणाले, आणि या वेळी सगळ्यांनी वळून त्यांच्या तोंडाकडं बघितलं, खरंच ओठ हलतायत का ते. "माईक रोहिदासचाच. विषय मिटला."

"मग जेवान न्हाई व्हय?" मागून कुणीतरी इतक्या दुःखानं विचारलं, की शालनबाईंनाही हसू आवरेना.

लक्ष्मणरावांनी श्वास धरला. "मशीन बोललं ते खोटं. आता मी बोलतो ते खरं. जेवान हाय. पर पोळ्या न्हाईत. आचारी लावू अन् बुंदी करू."

यात्रेच्या सकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी बैल तपासले आणि पिंटूचे बैल ठणठणीत असल्याचं रोहिदासनं माईकवर सांगितलं. खोट्या क्लिपा अजून फिरत होत्याच. पण आता त्यांच्याखाली बॉटच्या जोडीनं निघोज्याची माणसंही लिहू लागली होती: 'हा आमचा रोहिदास न्हाई. आमचा बघायचा असंल तर घाटावर या.'

पिंटूच्या गाड्याची पाळी आली तेव्हा पिंटू गाड्यापाशी नव्हता. तो निवेदकाच्या मंचावर चढून आला होता, रोहिदासच्या खांद्यावर एक हात आणि दुसऱ्या हातात मोबाईल, लाईव्ह चालू. "बघा मंडळी, हे मामा अन् हा मी! दोघांची तोंडं बघून घ्या!"

खाली घोडी थयथयत होती. रोहिदासनं माईक तोंडाशी नेला, छातीभर हवा घेतली, आणि पिंटूला कोपरानं ढोसत ओरडला, "पिंटूशेठ, ठेव तो मोबाईल खिशात अन् बैलं बघ तुझी... सुटला, सुटला, गाडा सुटलाऽऽ!"