तीच चांदी हाय, आये

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही, म्हणून सांगवतं.

सिद्धगडाच्या पायथ्याशी आमचं घर. घरात मी आणि आई, दोघीच. बाबा गेले तेव्हा आईनं अंथरूण धरलं. जेवण नाही, बोलणं नाही. मामानं एक पांढरं करडू आणून तिच्या मांडीवर ठेवलं. तीच चांदी. तिला चारायला म्हणून आई उठली, रानात हिंडू लागली, तिला झोप लागू लागली. डॉक्टरांनी बीपीची गोळी निम्मी केली. म्हणाले, "ही शेळी विकू नका हं."

मी विकली नाही. मी — थांबा, नीट सांगते.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई शहापूरला मावशीकडे राहिली होती. त्या संध्याकाळी मी फोनवर बोलत बसले आणि गोठ्याची कडी लावायची राहिली. बिबट्या फिरतोय हे मला माहीत नव्हतं का? होतं. सकाळी गोठ्याच्या कुडाच्या भिंतीपाशी रक्त, पांढरे केस. बाकी काही नाही.

खरं सांगितलं असतं तर? रडली असती. मला बोलली असती. एवढंच ना?

मी रक्त धुतलं. मुरबाडच्या बाजारातून तशीच पांढरी शेळी आणली. चांदीचा डावा कान फाटका होता — मी हिचा कोयत्यानं फाडला. ती जशी ओरडली ते — जाऊ दे.

आई आली. अंगणातून हाक मारली. शेळी जागची हलली नाही. आईनं जवळ जाऊन तिचं अंग चाचपलं, कानावरच्या खपलीवर बोट ठेवलं.

"ही माझी चांदी नाय गो."

"तीच हाय, आये. कान कुडात अडकला परत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, म्हणून तुला येगळी वाटते."

"डोळ्यांनी तर आता साफ दिसतंय."

ती गावभर सांगत सुटली, माझी शेळी बदलली. लोक माझ्याकडे बघायचे. आणि मी — तिच्या पाठीमागून स्वतःच्या डोक्याकडे बोट दाखवायचे. डॉक्टरांनाही मीच म्हटलं, हिला भ्रम होतोय. त्यांनी गोळ्या वाढवल्या.

एके दिवशी तिचं भांडण थांबलं. "माझंच डोकं फिरलंय," म्हणाली, "तू सांगतेस तेच खरं."

तेव्हापासून ती रानात जात नाही, वाट चुकेन म्हणते. मीठ चिमटीत धरून विचारते, "हे मीठच ना गो?" शेळीकडे तर बघतही नाही.

परवा माझं तोंड दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"तू माझी कुंदाच ना?"

"हो, आये."

"तू म्हनतेस म्हंजे असशील," ती म्हणाली, आणि तिनं हात काढून घेतले.