खिळ्याची खूण

साताऱ्याच्या एस.टी. स्टँडाबाहेर, रसवंती आणि चपलांचं दुकान यांच्या मधल्या फटीत आम्रपालीची घड्याळदुरुस्तीची टपरी होती. फट म्हणजे अगदी फटच. एक माणूस आत बसला की दुसऱ्यानं बाहेर उन्हात उभं राहायचं. डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या पोटात चिमटा घालून बसलेली बाई दिसली की नवखं गिऱ्हाईक आधी विचारायचं, मिस्त्री कुठं गेलेत? आम्रपाली मान वर न करता सांगायची, "मिस्त्री हितंच हाय. तुमचं घड्याळ कुठं हाय?"

हा तोरा तिला बापाकडून मिळालेला. धोंडिराम फौजेत दुर्बिणी आणि घड्याळं दुरुस्त करायच्या वर्कशॉपात होता. पेन्शनीत आल्यावर त्यानं ही टपरी टाकली. दोन्ही पोरं बापाशेजारी बसायला तयार होईनात, तेव्हा त्यानं पोरीला बसवलं. लोक म्हणाले, पोरीच्या जातीला हे शोभत नाही. धोंडिराम म्हणाला, शोभेचं काम तुम्ही करा, पोटाचं आम्ही करतो. पुढं तो गेला आणि टपरी आम्रपालीकडं राहिली. तिचा नवरा कपिल एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि तिच्या कामात नाक खुपसायचा नाही. हे शहाणपण त्याला लग्नाच्या पहिल्याच वर्षी आलं होतं.

नव्वद सालानंतर या धंद्याचे दिवस फिरले. चावीची घड्याळं मागं पडली आणि सेलची आली. बिघडलं की दुरुस्त कोण करतो, टाकून द्यायचं. त्याच सुमारास परदेशी कंपन्यांच्या महागड्या घड्याळांच्या नकला मुंबईहून यायला लागल्या. पिवळीधमक, हाताला जड, तबकडीवर मोठं नाव. पण या घड्याळांना चुगलीची खोड होती. एवढं झगझगीत घड्याळ या मनगटावर आलं कुठून, असं बघणाऱ्याला वाटायचंच. तेच घड्याळ जरा झिजलेलं असलं, काचेवर चार ओरखडे असले, तर कुणाची नजरही अडत नव्हती. जुन्या श्रीमंतीला कोण पुरावा मागतो?

एका रिटायर सुभेदारानं गंमत म्हणून असलं एक घड्याळ तिच्याकडून जुनं करून घेतलं. मग इकडंतिकडं बघत, हळू आवाजात बोलणारी गिऱ्हाइकं यायला लागली.

आम्रपालीची रीत ठरलेली होती. विटकरीची वस्त्रगाळ पूड तेलात कालवून ती आधी सोन्याच्या पाण्याची चमक मारायची. कोऱ्या चहाच्या वाफेवर धरून तबकडीला पिवळट झाक आणायची. पुढचं काम मात्र कुठल्या पुडीनं होत नाही असं तिचं म्हणणं. घड्याळाची चेन घामानं काळी पडते, हाताच्या हिसक्यांनी सैल होते, ते काम हातानंच व्हायला पाहिजे. म्हणून घड्याळ ती स्वतःच्या मनगटावर चढवायची आणि रोजच्या कामाला लागायची. भाकरी थापायची, धुणं आपटायची, बसच्या दांड्याला लोंबकळायची. कपिल म्हणायचा, सातारा जिल्ह्यात सोन्याचं घड्याळ घालून भांडी घासणारी बाई एकटी माझ्याच घरात आहे.

काम घेताना ती एकच प्रश्न विचारायची, विकायचं का घालायचं? विकायचं म्हणणाऱ्याला टपरीसमोर उभं राहू द्यायची नाही. आणि घड्याळ परत देण्याआधी मागचं झाकण उघडून आतल्या बाजूला सुईनं एक बारीक 'आ' कोरायची. दुरुस्ती करणारे झाकणाच्या आत आपली खूण ठेवतात, धोंडिरामही ठेवायचा. शेजारचा चपलावाला एकदा म्हणाला की ही सरळसरळ लबाडी आहे. ती म्हणाली, लग्नात भाड्याचा कोट घालणारा लबाड नाही आणि माझं गिऱ्हाईक लबाड, हे कुठलं शास्त्र? माझी खूण आत आहे, ज्याला खात्री करायची त्यानं झाकण उघडावं.

विश्वजित तिच्याकडं आला तो अशाच एका घड्याळाची पुडी घेऊन. आटपाडीकडच्या एका वाडीतलं पोरगं, मिसरूड नीट फुटलेलं, पण नजर जमिनीवर. तिकडची निम्मी तरणी पोरं गलाईला जातात. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी ॲसिडात आणि भट्टीत घालून शुद्ध करायचं काम. त्यासाठी ती मद्रासपासून कलकत्त्यापर्यंत कुठंही जाऊन राहतात आणि जत्रेला मात्र न चुकता गावी येतात. वाडीची एक रीत होती. ज्यानं परमुलखात स्वतःची भट्टी टाकली, त्याला जत्रेच्या दिवशी पारावर बसवून मानाचा फेटा बांधायचा.

विश्वजित दुसऱ्याच्या भट्टीवर कामाला होता. बाप, धुळा, मेंढरं राखणारा. दर फोनला तो एकच विचारायचा, भट्टी कवा टाकतोस? एकदा पोराच्या तोंडून निघून गेलं, की टाकली. बापानं त्याच दिवशी वाडीभर पेढे वाटले आणि पोराला माघारी फिरायला जागा उरली नाही. आता जत्रेत फेटा बांधणार होते, आणि भट्टीच्या मालकाच्या मनगटावर घड्याळ नाही असं कसं चालेल? तेही कोरं नको, जुनं वापरातलं पाहिजे.

आम्रपालीनं त्याला आधी झाडलं. बापाला खरं सांग म्हणाली. तो म्हणाला, "सांगतो अक्का. एकदा त्याच्या डोळ्यांदेखत फेटा बांधूदे, मग सांगतो." तिला पोराचा राग यायला पाहिजे होता, आला त्या वाडीचा. चांगल्या कष्टाच्या पोराला मान वर करायला घड्याळ लागतं, ही कसली रीत? तिनं पुडी ठेवून घेतली.

तिची चूक झाली ती इथंच. कामाचा हात म्हणजे कामाचा हात, असं तिनं धरलं. मन लावून झिजवलं. चेन अशी गुळगुळीत झाली की बापानंही पाठ थोपटली असती. घड्याळ नेताना पोरगं खुशीत होतं. त्या जत्रेत ती दरवर्षी सेल बदलायला बसायची, म्हणून त्यानं एवढंच विनवलं की ओळख दाखवू नका.

जत्रेला ती पाराच्या समोरच सतरंजी टाकून बसली होती. गलाईवाल्यांची बंद पडलेली घड्याळं ओळीनं पुढ्यात मांडलेली. देवळात ती जायची नाही. तिच्या घरानं छप्पन्न साली देवांचा निरोप घेतला तो घेतलाच. पण जत्रेतली गर्दी आणि वाजंत्री तिला आवडायची.

फेटा बांधायचा मान नानासोंचा. हे तिकडचे सर्वांत जुने गलाईवाले. माणूस वाईट नव्हता, गावातली कितीतरी पोरं त्यांनी धंद्याला लावली होती. विश्वजितला शेजारी बसवून त्यांनी कौतुकानं त्याचा हात हातात घेतला. घड्याळ उलटंपालटं करून बघितलं. अंगठा चेनीवर दोनदा फिरवला.

"भट्टीवर बसतोस तवा घड्याळ कुठं ठेवतोस रं?" त्यांनी विचारलं.

"हातातच असतंय की," विश्वजित म्हणाला.

पारावरचे सगळे गलाईवाले एकदम हसले. विश्वजितचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण जे तो स्वतः रोज बघत होता, तेच भीतीपोटी त्याच्या तोंडून उलटं गेलं. ॲसिडाच्या वाफेत कुणी घड्याळ घालत नाही. कामाला बसायच्या आधी ते काढून बाहेरच्या खोलीत खिळ्याला अडकवायचं, ही गलाईची पहिली शिकवण. नानासोंनी आपलं घड्याळ काढून सगळ्यांना दाखवलं. चेन धड होती, पण कडीच्या आतल्या बाजूला एक खोल घळ पडली होती.

"ही खिळ्याची खूण. आमच्यातल्या दर एकाच्या घड्याळाला हाय," ते म्हणाले. "तुझ्या कडीला ती न्हाई. चेन तेवढी झिजलीया, ती भाकरी थापणाऱ्या हातावर. खोटं घड्याळ घालून फेटा घ्यायला आलास व्हय? कुणी करून दिलं?"

पोरानं आम्रपालीकडं बघितलंही नाही. गर्दीतून कुणीतरी विचारलं, भट्टी तरी खरी आहे का? पोरानं मान आणखी खाली घातली. बाप पाराच्या कडेला खांद्यावर घोंगडं घेऊन उभा होता, त्याच्याकडं बघायची कुणाला हिंमत होईना. आम्रपालीला पहिल्यांदा स्वतःचीच चीड आली. दरवर्षी हीच घड्याळं तिच्या हाताखालून जायची, पण सेल बदलताना कडीच्या आत तिनं कधी बघितलं नव्हतं. एक प्रश्न आणखी विचारला असता, तर हे घडलं नसतं. तिला गप्प बसता येत होतं, पोरानं नाव घेतलं नव्हतं. पण ते पोरगं तिच्यासाठी ओठ मिटून बसलं आहे हे दिसल्यावर तिला बसवेना. ती उठली, पारापाशी गेली, विश्वजितच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि चाकूच्या टोकानं झाकण उघडून नानासोंपुढं धरलं.

"हे 'आ' माझं. घड्याळ मी झिजवलंय, माझ्या घरच्या भाकरीवर आणि धुण्यावर. माल खोटा हाय, झीज खरी हाय. आणि शेठ, तुमी मनगट बघून फेटा बांधाय लागला तर पोरं मनगटच सजवून येणार. ह्याला भट्टीवरचं काम काय येतंय, ते इचारलं का कुणी?"

नानासो तापले. जत्रा आमची आहे, सामान उचल आणि चालायला लाग, असं म्हणाले. दोघंतिघं तिच्या सतरंजीकडं सरकलेही. आम्रपाली हलली नाही.

"जाती की. पर झाकण उघडायचंच असलं तर ह्या एकट्या पोराचंच कशाला? बसलेल्या समद्यांचीच उघडूया."

एवढं बोलून ती पारावरच्या मंडळींकडं एकेक करून बघत राहिली. नाव तिनं कुणाचंच घेतलं नाही. गलाईवाले बेफिकीर होते. पण त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेल्या सोसायटीच्या आणि पंचायतीच्या मानकऱ्यांपैकी काहींनी सहज वाटावं अशा बेतानं बाह्या खाली ओढल्या. एकाला तर अचानक देवळातलं काम आठवलं. सतरंजीकडं सरकलेली माणसं जागच्या जागी थांबली.

मग धुळा पुढं आला. त्यानं पोराला विचारलं, भट्टी न्हाई? पोरानं मान हलवली. मग काय करतोस? पोरानं खाली बघतच सांगितलं की दुसऱ्याच्या भट्टीवर आहे, पण काम सगळं येतंय, मालक माझ्यावर भट्टी सोपवून गावाला जातो.

"मग मला त्येच सांगायचं की रं," धुळा म्हणाला. त्याची मान ताठ होती.

नानासो जरा नरमले होते. ते म्हणाले, "धुळा, झालं ते झालं. ते खोटं घड्याळ दे फेकून."

धुळानं आम्रपालीच्या हातातून घड्याळ घेतलं, झाकण दाबून बसवलं आणि स्वतःच्या काळ्या, जाड मनगटावर चढवलं. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं घड्याळ. कडी त्याला लागेना, ती आम्रपालीनं लावून दिली.

"फेकू कशाला?" तो म्हणाला. "खोटं हाय ह्ये समद्या वाडीला कळलं. आता लपवायचं काय ऱ्हायलं न्हाई. मग घालाय भ्या कशाचं?"

फेटा त्या वर्षी कुणालाच बांधला गेला नाही, तसाच घडीत राहिला. धुळा मात्र सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सरकवून जत्राभर फिरला. कुणी विचारलं नाही तरी थांबवून वेळ सांगायचा आणि शेवटी जोडायचा, "खोटं हाय, पर टायम खरा दावतंय." पोरगं त्याच्या मागनं चालत होतं. आधी दोन पावलं मागं, मग हळूहळू बापाच्या बरोबरीनं. आम्रपाली सतरंजीवर बसून ते बघत होती आणि तिच्या डोळ्यावरच्या भिंगाला पुन्हापुन्हा वाफ धरत होती.

साताऱ्याला परतल्यावर तिनं दोन गोष्टी केल्या. गिऱ्हाइकाला विचारायच्या प्रश्नात एकाची भर घातली, कामाला बसताना घड्याळ काढून कुठं ठेवता? आणि दुसरं म्हणजे टपरीवरचा बापाच्या वेळचा पाटीचा पत्रा उतरवून पेंटर बोलावला. 'घड्याळ दुरुस्ती' या जुन्या शब्दांखाली एक ओळ आणखी लिहायची होती, 'नवीन घड्याळे जुनी करून मिळतील'.

पेंटरनं ब्रश थांबवला. असलं कुणी उघड लिहितं का, असं त्याला वाटलं. त्यानं विचारलं, "ताई, कोपऱ्यात बारीक लिहू का?"

"मोठं लिही," आम्रपाली म्हणाली. "स्टँडातनं दिसलं पायजे. आणि शेवटी माझं नाव घाल. झाकण उघडायची येळ कुणावर याय नको."