गायकवाड फोरमनचा डबा

मंडळी, सकाळपासून चैन नाही.

शेजारची प्राजक्ता आली होती, आयटीत आहे ती. "काका, मशीन बिघडलं की तुम्ही काय करायचात? जुन्या कामगारांकडची माहिती एआय सिस्टीममध्ये भरतोय."

ऐंशीच्या सुमारास पिंपरीच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर आला, तेव्हा साहेब हेच विचारत फिरले. "त्याला सगळं कळलं तर आपल्याला कोण विचारतंय, राव?" म्हणत सगळे गप्प. फक्त गायकवाड फोरमन बोलले. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या शेजारी कोणी डबा उघडेना.

मी प्राजक्ताला सगळं सांगितलं. निघताना म्हणाली, "आता ऑफिसात आमच्याही कामाची माहिती मागतायत, त्याच सिस्टीमसाठी. टीममधून मी एकटीच देतेय."

"मग डबा कोणाबरोबर खातेस?"

ती वाकून चप्पल घालायला लागली.

उद्या तिला जेवायला बोलावू का?