साकू म्हणजे पुरे

परवा जावयानं एक चकचकीत बाटली माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आई, हे इंजिनच्या तेलात घालायचं. गाडीचं आयुष्य वाढतं म्हणे. घालू का?"

मला काय कळतं गाडीतलं? जन्मभर मी पोरींना बाराखडी शिकवली. पण घरात सगळ्यांना ठाऊक आहे, इंजिनच्या दवेचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. मी एवढंच म्हणाले, "साकू." जावई लातूरकडचा, त्याला कानडी येत न्हाई. तो माझ्या तोंडाकडं बघत बसला, म्हणून त्याला हे सगळं सांगावं लागलं.

आम्ही बीदरकडच्या मुडबीचे. सासूबाई घरात कानडी बोलायच्या, मी मराठी, आणि आमचे हे दोन्हीकडचं ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत न्हाई, तेव्हा इथंही 'हे'च. तीस वर्षं मास्तरकी केली तरी जिभेवरचं 'न्हाई' सुटलं न्हाई, तेही चालवून घ्या.

ह्यांचा स्वभाव असा, की कशातही काहीतरी घातल्याशिवाय ह्यांना चैन पडायचं न्हाई. चहात सुंठ, मिरे, वेलदोडा आणि वर तुळस, म्हणजे चहाला चहाची चव सोडून सगळ्या चवी. बैलांना अळशी, म्हशीला मेथ्या, आणि स्वतःला रोज सकाळी कसलंतरी काळं चाटण. ते चाटून अंगात काय शक्ती आली, ते मला कधी दिसलं न्हाई. बरं, असल्या माणसाच्या हाती मोटार लागली.

जहागिऱ्या गेल्या तेव्हाची गोष्ट. जवळचे एक जहागीरदार सामानसुमान बांधून हैदराबादला निघाले. सगळं नेलं, मोटार तेवढी ठेवली. का ठेवली हे ह्यांनी विचारलं न्हाई. ती चालायची, खोटं कशाला बोलू? पण मागं धूर एवढा सोडायची, की गावातली माणसं म्हणायची, "बघ, गुऱ्हाळ निघालं." मला हसू यायचं. ह्यांना ते लागायचं.

हुमनाबादच्या मोटार-अड्ड्यावर एक म्हातारा मिस्त्री होता. कानडी माणूस, सगळे त्याला अण्णा म्हणायचे. त्यानं इंजिनला कान लावून ह्यांना सरळ सांगितलं, "वय झालंय हिचं. तेल पिती, तर तेल द्या. माप बघत जावा, वेळेला जुनं काढून नवं घाला. धुराकडं बघू नका." ह्यांना हा सल्ला अजिबात आवडला न्हाई. एवढा साधा सल्ला कुणाला आवडतो?

मग जत्रेत ह्यांना कोट-टोपीवाला भेटला. त्याच्या टेबलावर लाल डब्यांचा ढीग, डब्यावर इंग्रजी अक्षरं. इंग्रजी वाचणारं तिथं कुणी न्हाई, त्यामुळं सगळ्यांचा विश्वास बसला. "देखो साब, ये तेल नै, दवा है दवा," तो म्हणायला लागला. "अंदर का सारा मैल साफ. बुड्ढा इंजन जवान हो जाता!" बुड्ढा जवान होतो म्हटल्यावर अर्धी जत्रा तिथं गोळा झाली. त्यातल्या एकाकडंही मोटार नव्हती. आमचे हे डबा छातीशी धरून घरी आले.

तो डबा फडताळात वाट बघत बसला, कारण ह्यांना मुहूर्त पाहिजे होता. आणि मुहूर्त म्हणून ह्यांना सापडलं माझं काम.

आमच्या गावात मुलींची मराठी शाळा निघणार होती. बाईच पाहिजे होती, आणि गावात लिहिता-वाचता येणारी बाई म्हणजे मी एकटी. वडिलांनी घरी पाटीवर मराठी शिकवलेलं आणि मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, उर्दू चार इयत्ता. मुलाखतीचा कागद बीदरहून आला, तो उर्दूत. मराठीच्या मास्तरणीला बोलावणं उर्दूत! अमुक दिवशी अकरा वाजता हाजिर व्हावं, उशिरा येणाऱ्याचा विचार होणार न्हाई. तो कागद मी किती वेळा वाचला असेन. बावीस वर्षांची होते, लग्नाला सहा वर्षं झालेली, पदरी अजून मूल न्हाई. त्यावरून गावाला जे बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि कंटाळा न येता परत बोलणं चालू होतं. मला माझं असं काहीतरी पाहिजे होतं. ती शाळा मला पाहिजे होती, तहान लागल्यावर पाणी पाहिजे असतं तशी.

तेव्हा बसला सरकारी मोटार म्हणायचे. मी म्हटलं, "हुमनाबादहून बीदरला सरकारी मोटार जाती. तिनं जाते."

"सरकारी मोटार?" हे म्हणाले. "घरची गाडी असताना माझी बायको कोंबड्या-बोकडांत बसून जाणार? लोक काय म्हणतील?"

झालं. तांबडं फुटताना निघालो. मी इरकली नेसून मागच्या बाकावर, मांडीवर कागद. आठच्या सुमाराला हुमनाबादला पोचलो तोवर सगळं ठीक होतं. धूर होता, पण गाडीही होती. तिथं अड्ड्यावर तेलाचं माप बघायला थांबलो, तर ह्यांनी बाकाखालून लाल डबा काढला.

अण्णानं डबा उघडून वास घेतला. "ब्याड," तो म्हणाला. म्हणजे नको. "म्हाताऱ्याला एरंडेल कामून पाजायलाव? आत दहा वर्षांचा गाळ बसलाय. बसलाय तर बसू द्या की."

"आज लांब जायचंय अण्णा. बायकोचं काम हाय."

"म्हणूनच म्हणालो. आजच कामून?"

पण ह्यांच्यापुढं कुणाचं चाललंय! शेवटी म्हातारा म्हणाला, "बरं. अर्धा डबा. त्याच्यावर थेंब न्हाई." इंजिन चालू ठेवून हळूहळू ओतायचं ठरलं. अण्णा खाली वाकून कान लावून बसला, हे वरून ओतायला लागले, मी आत.

इंजिनचा आवाज म्हणजे खळ्यात मळणी चालल्यावाणी. त्या आवाजात अण्णा ओरडला. आता त्यानं काय ओरडावं? "साकू! साकू!" कानडीत साकू म्हणजे पुरे. आणि हाकू म्हणजे घाल. एका अक्षराचा फरक, तेवढ्यात होत्याचं नव्हतं होतं. आणि मराठीत हाक म्हणजे चालव, कारण आमच्याकडं गाडी बैलाची असो की इंजिनची, ती हाकायचीच. मला आत बसून ऐकू आलं, 'हाक.' मी म्हटलं, चला, झालं वाटतं, निघायचं. ह्यांनी सबंध डबा उपडा केला, वर बुडाला दोन चापट्या मारून शेवटचा थेंबही आत घातला. अण्णानं कपाळावर हात मारला.

"मला 'हाकू' ऐकू आलं," हे म्हणाले.

अण्णानं फडक्याला हात पुसले आणि माझ्याकडं बघितलं, ते मला अजून आठवतं.

आणि काय सांगू, गाडी अशी पळाली! सात-आठ मैल गेलो आणि ह्यांनी मान बाहेर काढून मागं बघितलं. "बघ! धूर गेला!" मीही बघितलं. खरंच, मागं नुसती धूळ. वाटेत सरकारी मोटार लागली, तिला ह्यांनी भोंगा वाजवत मागं टाकलं आणि मोटारीतली माणसं माना वळवून बघायला लागली. हे गाणं गुणगुणायला लागले. मलाही वाटलं, उगाच बोलले मी. देवा, आज लौकर पोचते वाटतं.

मग आतून टकटक सुरू झाली. "दवा काम करायलीय," हे म्हणाले. टकटकीची ठकठक झाली. "मैल सुटायलाय." मग एकच खडाम झालं, गाडीनं आचका दिला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही बाजूंना तुरी, माणूस न्हाई काणूस न्हाई. ह्यांनी झाकण उघडलं, बंद केलं, परत उघडलं. हँडल मारलं, ते हललंच न्हाई.

इथपर्यंत मी ह्यांना माफ केलं असतं. पुढचं ऐका.

पाव तासानं ती सरकारी मोटार मागून आली. ड्रायव्हरनं वेग कमी करून विचारलं, "क्या हुआ? येताव का?" मी उठले. एक पाय खाली ठेवला. आणि ह्यांनी हात हलवून सांगितलं, "जावा, जावा! आमची आत्ता चालू होती!"

मोटार गेली. मी एक पाय पायरीवर, एक पाय जमिनीवर अशी उभी. ह्यांच्यावर मी नंतर पुष्कळ चिडले, पण खरा राग माझा माझ्यावर. तेव्हा ओरडायला काय झालं होतं मला? नवऱ्यानं चारचौघांत हात हलवला, तो आपण कसा मोडायचा? एवढीच ती अडचण. तेवढ्यावर माझं वर्ष गेलं.

दुसरी मोटार दुपारी आली. बीदरच्या अलीकडं नौबादला ती पाण्यासाठी थांबली. ड्रायव्हरनं इंजिनमधली पट्टी काढली, फडक्यानं पुसली, आत घालून परत काढली, तेल कुठवर आहे ते बघितलं आणि पाणी ओतलं. मी खिडकीतून विचारलं, "भाऊ, ह्यात दवा काय घालताव?"

तो हसला. "दवा कशाची बाई? मापात तेल, वेळेला पाणी." माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांनी तोंड दुसरीकडं केलं.

कचेरीत पोचलो तेव्हा शिपाई खुर्च्या आत नेत होता. आतल्या साहेबांनी माझा कागद बघितला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं. माणूस वाईट नव्हता. "बहेन, फैसला हो गया. अगले साल देखेंगे," म्हणाले. दुसऱ्या गावची बाई नेमली होती. ती आली, पावसाळाभर राहिली, गाव आवडलं न्हाई म्हणून गेली, आणि शाळेला कुलूप लागलं. मी रोज पाण्याला जाताना ते कुलूप बघायची.

गाडी बैल लावून हुमनाबादला ओढत नेली. अण्णानं इंजिनचं पोट उघडलं. तेल वर ओढणाऱ्या नळीला खाली जाळी असते, ती काळ्या लगद्यानं गच्च भरलेली. "गाळ आपला खाली निवांत बसला होता," तो म्हणाला. "दवेनं उठवला आणि जाळीत नेऊन कोंबला. तेल वर चढलंच न्हाई. बेरिंग भाजून गेली."

"पण धूर तर गेला होता!" हे म्हणाले.

"वर तेलच न्हाई, तर धूर कशाचा निघंल?"

आयुष्यात मी पुष्कळ चमत्कार ऐकले. त्यातल्या बऱ्याच चमत्कारांचा खुलासा मला अण्णाच्या त्या वाक्यात सापडला.

वर्षभर मी ह्यांच्याशी धड बोलले न्हाई. चहा दिला तो साधा, सुंठीशिवाय. त्यांनी मुकाट्यानं पिला. मग पुढच्या साली परत कागद आला, तसाच, अकरा वाजता हाजिर. आदल्या दिवशी दुपारी मी निघायची तयारी करत होते, तर हे परसदारातून आले. हातात डबा. या वेळी हिरवा.

"अण्णानं इंजन बांधून दिलंय," हे म्हणाले. "उद्या गाडीनंच जाऊ. हा दुसरा हाय. तो नकली होता."

मी घडी घालत होते ती साडी खाली ठेवली. वर्षभर मनात होतं ते विचारलं. "तुमची आई कानडी. जन्मल्यापासून साकू-हाकू ऐकत आलाव. त्या दिवशी अण्णा काय म्हणाला, खरं सांगा."

हे जमिनीकडं बघायला लागले. "साकू म्हणाला."

"ऐकू आलं होतं?"

"व्हय."

"मग ओतलं कामून?"

ह्यांनी डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. "तुझ्या कामाला जायलो होतो," हे म्हणाले. "गाडी तर जातच होती गं. मला वाटलं, अर्धा डबा कामून? तुझ्या कामात माझ्याकडून कमी पडलं असं नको." मग म्हणाले, "अन् त्या मोटारीला नको म्हटलं, ते... तू माझ्या गाडीतून उतरावं कचेरीपुढं. लोकांनी बघावं."

मला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम. ह्या माणसानं माझं वर्ष घालवलं ते वैरानं न्हाई, मायेनं! वैरानं घालवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. गावानं मला सहा वर्षं कमी कमी म्हणून हिणवलं, ते ह्या बाबानं माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. आणि मी त्याला वर्षभर बिनसुंठीचा चहा पाजला होता.

पण डबा घेतला, झाकण घट्ट लावलं आणि फडताळावर ठेवला.

"साकू," मी म्हणाले. "ऐकू आलं?"

"आलं."

रात्रभर बैलगाडी हाकून सकाळी ह्यांनी मला हुमनाबादच्या फाट्यावर सोडलं. सरकारी मोटार आली. आत कोंबड्या होत्या, बोकडही होता. मी एकटी चढले आणि खिडकीशी बसले. हे खाली उभे, हात कुठं ठेवावेत ते कळेना त्यांना. ड्रायव्हर वेळ लावायला लागला, तेव्हा ह्यांनी मोटारीच्या पत्र्यावर तळहाताची जोरात थाप मारली आणि काहीतरी ओरडले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. इंजिन घरघरत होतं, त्यात ते साकू म्हणाले, हाकू म्हणाले की हाक म्हणाले, मला काही नीट ऐकू आलं न्हाई.

मी ते मराठीत घेतलं.